मार्गदर्शक यंत्र का रेंगाळते?

मोटारीत चालकासमोर बसवलेला लहानसा पडदा तुम्ही पाहिला असेल. त्यावर रस्त्यांचा नकाशा दिसतो, आपली गाडी बाणाच्या रूपाने पुढे सरकते आणि 'आता डावीकडे वळा' असा आवाजही येतो. हेच जीपीएस यंत्र. या यंत्राविषयी एक तक्रार पुष्कळदा ऐकू येते : "सॉफ्टवेअर अपडेट केले आणि तेव्हापासून यंत्र रेंगाळू लागले." औषध घेतल्यावर रोगी अधिकच आजारी पडावा, तसाच हा प्रकार! असे का होते आणि दोष नेमका कोठे आहे हे कसे शोधावे, ते आज पाहू.

उशिराची किंमत

समजा, एक गाडी लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडला निघाली आहे. वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. लोह्याजवळ कंधारकडे जाणारा रस्ता फुटतो. तेथे यंत्राने सूचना ५ सेकंद उशिरा दिली, तर गाडी ११० मीटर पुढे गेलेली असेल. चुकलेला फाटा मागे वळून गाठता येईल. पण सूचना का येत नाही म्हणून चालकाने २ सेकंद पडद्याकडे पाहिले, तर तेवढ्यात ४४ मीटर रस्ता त्याने न पाहताच ओलांडलेला असतो! समोर उसाने भरलेली ट्रॉली असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

एक यंत्र, दोन कामे

या यंत्रात खरे म्हणजे दोन यंत्रे आहेत. पहिले आहे रेडिओ-ग्राहक. तो आकाशातील उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि 'आपण कोठे आहोत' हे ठरवतो. दुसरा आहे छोटा संगणक. तो नकाशा काढतो, रस्ता शोधतो आणि बोलतो. म्हणून 'यंत्र मंदावले' असे म्हणणे पुरेसे नाही. ऐकणारा मंदावला की विचार करणारा, हे आधी ठरवले पाहिजे.

प्रथम ऐकणाऱ्याचे पाहू. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. रेडिओ लहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात, म्हणजे संदेश येण्यास सेकंदाचा पंधरावा हिस्साही पुरतो. मग ठिकाण कळण्यास कधीकधी मिनिटे का लागतात? कारण लहरी वेगवान असल्या, तरी संदेश फार सावकाश 'वाचून' दाखवला जातो. जीपीएसच्या मूळ संदेशाचा वेग सेकंदाला अवघे ५० बिट आहे. उपग्रह स्वतःच्या कक्षेची अचूक माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. सर्व उपग्रह साधारण कोठे असतील याचे एक 'पंचांग'ही तो सांगतो. ते पुरे होण्यास साडेबारा मिनिटे लागतात. ठिकाण नक्की करण्यासाठी किमान चार उपग्रहांची माहिती हवी. ऐकताना मध्येच उंच इमारत किंवा दाट झाड आले, तर राहिलेला भाग ऐकण्यासाठी पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते.

एकदा ऐकलेले पंचांग यंत्र जपून ठेवते. अपडेट करताना हा साठा पुष्कळदा पुसला जातो. मग पहिल्या दिवशी यंत्र नव्या गावी आलेल्या पाहुण्यासारखे चाचपडते. यात बिघाड काही नाही. मोबाइल फोनला ठिकाण चटकन कळते, कारण तो हे पंचांग मोबाइलच्या जाळ्यावरून आयते मागवून घेतो.

भरलेले गोदाम

आता विचार करणाऱ्या संगणकाकडे वळू. लातूरच्या आडत बाजारातील तुरीचे गोदाम डोळ्यांसमोर आणा. मधून फिरायला वाट असली की हमाल हवे ते पोते लगेच काढतो. पण गोदाम छतापर्यंत भरले असेल, तर मागचे एक पोते काढण्यासाठी पुढची दहा हलवावी लागतात. यंत्रातील साठवणुकीच्या चिपचे असेच आहे. तिच्यावर नवे लिहिण्याआधी जुन्याचा पूर्ण ठोकळा पुसावा लागतो आणि ही हलवाहलव करण्यासाठी मोकळी जागा लागते. नवा नकाशा जुन्यापेक्षा मोठा असतो. तो बसला की जागा संपते आणि कामाचा वेग उतरतो.

दुसरे कारण रस्ता शोधण्याच्या रीतीत आहे. नेदरलँड्सचे एड्सगर डायक्स्ट्रा यांनी सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची एक पद्धत १९५९ साली प्रसिद्ध केली. यंत्रे तिच्याच सुधारलेल्या रूपांचा उपयोग करतात. मूळ पद्धतीत शोध निघाल्या ठिकाणापासून पाण्यावरील तरंगासारखा सर्व बाजूंना पसरतो आणि वाटेतील प्रत्येक चौक तपासला जातो. अंतर दुप्पट झाले की वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट होते, आणि तपासायचे चौकही साधारण चौपट! त्यात नव्या नकाशाने गावोगावचे रस्ते आणि शिवाररस्ते भरले, की जुन्या प्रोसेसरवरचा भार वाढतोच.

तिसरे कारण म्हणजे अपडेटनंतर बदललेली मांडणी. उठावदार इमारती, वाहतुकीची माहिती, हलती चित्रे ही कामे आपोआप सुरू होतात आणि मूळ कामाच्या वाट्याला थोडीच शक्ती उरते.

मग अपडेट करूच नये का?

तसे नाही. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. कल्याणहून परभणी, नांदेडमार्गे निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पूर्वी २२२ क्रमांकाचा होता, तो आता ६१ आहे. जुन्या नकाशाला हे कसे कळणार? आणखी एक गंमत पाहा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे मोजणारा आकडा १०२३ पर्यंतच जातो आणि मग पुन्हा शून्यावर येतो. असे १९९९ साली आणि एप्रिल २०१९ मध्ये घडले. ज्या जुन्या यंत्रांत याची तरतूद नव्हती, त्यांची तारीख चुकली. पुढची पाळी २०३८ च्या नोव्हेंबरात आहे. तेव्हा अपडेट हवेच. त्याबरोबर परीक्षणही हवे.

'नंतर' म्हणजे 'त्यामुळे' नव्हे

अपडेट मे महिन्यात केले, असे समजा. मराठवाड्यात तेव्हा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर त्याहूनही पुष्कळ वर. चिप फार तापली की स्वतःला जपण्यासाठी ती आपला वेग कमी करते. मग दोष अपडेटचा की उन्हाचा? पहाटे, गाडी थंड असताना तेच काम करून पाहा. तेव्हा यंत्र चपळ असेल, तर अपडेटवर आळ घेण्याचे कारण नाही. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, म्हणून ती पहिलीमुळेच घडली असे होत नाही. शास्त्राच्या अभ्यासात हे सूत्र नेहमी ध्यानात ठेवावे.

परीक्षणाची रीत

घरातील मोठ्या माणसांची परवानगी घ्या, गाडी मोकळ्या जागी उभी करा आणि घड्याळ लावून तीन वेळा टिपा : (अ) यंत्र सुरू केल्यापासून नकाशा दिसेपर्यंत, (आ) नकाशा दिसल्यापासून आपले ठिकाण कळेपर्यंत, (इ) गावाचे नाव दिल्यापासून रस्ता आखला जाईपर्यंत. प्रत्येक मापन तीनदा करून सरासरी काढा. केवळ (आ) मोठी असेल तर दोष ऐकण्यात आहे. (अ) किंवा (इ) मोठी असेल तर तो संगणकात शोधावा.

यानंतर पुढील उपाय क्रमाने करा.

१. उघड्या आकाशाखाली यंत्र वीस मिनिटे चालू ठेवा. पंचांग पुरे होईल, आणि नव्या नकाशाची सूची तयार होत असेल तर तीही संपेल.

२. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. चावी काढली तरी पुष्कळ यंत्रे केवळ झोपतात. पूर्ण बंद केल्यावरच त्यांची तात्पुरती स्मृती मोकळी होते.

३. मोकळी जागा पाहा. न लागणारे नकाशे, इतर भाषांतील आवाज आणि जुन्या प्रवासांच्या नोंदी काढून टाका.

४. उठावदार चित्रे व इतर जादा कामे बंद करा.

५. नकाशा मेमरी कार्डावर असेल, तर दुसऱ्या चांगल्या कार्डावर तो उतरवून पाहा.

६. एवढ्यानेही भागले नाही, तरच साठवलेली ठिकाणे वहीत उतरवून यंत्र मूळ स्थितीत आणावे. हे काम जाणकाराकडून करून घेतलेले बरे.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा वेळ मोजा. चार बदल एकदम केले, तर यंत्र सुधारेलही, पण कशाने सुधारले हे कधीच कळणार नाही. आणि अपडेट चालू असताना वीज तोडू नका. अर्धवट लिहिलेले सॉफ्टवेअर यंत्र कायमचे निकामी करू शकते.

करून पाहा

नांदेडचे अक्षांश १९.१५, रेखांश ७७.३१, लातूरचे अक्षांश १८.४०, रेखांश ७६.५८. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. पायथागोरसचा सिद्धांत वापरून दोन्ही शहरांतील सरळ अंतर काढा. उत्तर ११३ किलोमीटरच्या आसपास यावयास हवे. आता यंत्राने दाखवलेले रस्त्याचे अंतर पाहा. ते बरेच जास्त का आहे, हे नकाशावर बोट फिरवून वर्गात सांगा. सरळ रेषा तुम्ही एका मिनिटात काढली. वळणावळणाचा रस्ता शोधण्यास यंत्राला किती चौक तपासावे लागले असतील, याचाही विचार करा.