शटर बदलण्याआधी

आमच्या थाटीपुरात गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची एक खोली आणि तिला लोखंडी शटर. आमचं शटर दोन माणसांनी उचललं तरच वर जाई. मिस्त्रीने खालच्या पट्टीवर बूट आपटला, गंजाचे पापुद्रे पडले, आणि त्याने निकाल देऊन टाकला, "काकाजी, पूरा बदलवा लो." मी मान डोलावणार तोच आतून ही म्हणाली, "अहो, पण वरच्या पट्ट्यांना काय धाड भरलीय?"

काहीच नव्हती भरली. सडल्या होत्या त्या तळाच्या तीन-चार पट्ट्या आणि त्यांखालचा अँगल. अंगण धुतलेलं पाणी रोज तिथेच साचायचं. शटर जड झालं होतं ते वरच्या पाइपातली एक स्प्रिंग तुटल्यामुळे. पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. एका बाजूचं चॅनल सोडवलं की खराब तेवढ्या आडव्या सरकवून काढता येतात. आमचं काम नव्या शटरच्या अगदी थोड्या खर्चात उरकलं. स्प्रिंगला मात्र घरच्या कुणी हात लावू नये. पीळ भरलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडते.

आमच्या शेजाऱ्यांनी त्याच सुमारास नवं शटर बसवलं, दर चौरस फुटाचा सगळ्यांत कमी होता म्हणून. उन्हाळ्यात लूचा झोत आला की ते पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे बरेच जण उलटं समजतात. 18 गेज म्हणजे सुमारे 1.2 मि.मी., 20 म्हणजे 0.9, आणि 22 म्हणजे जेमतेम 0.7. तोंडी 20 ठरतं आणि येतं 22. रंग चढल्यावर डोळ्यांना काही कळत नाही, म्हणून पट्टी बसण्याआधीच व्हर्नियर लावून बघा. गेज, दर आणि 18 टक्के जीएसटी धरून की सोडून, हे सगळं कागदावर घ्या.

त्यांची दुसरी अडचण उंचीची. शटरची गुंडाळी लिंटेलच्या मागे न घेता खाली टांगली, म्हणून दार जवळपास फूटभर बुटकं झालं. आता गाडीच्या टपावर कॅरिअर असला की गाडी बाहेरच. माप घेताना भिंतीपासून भिंतीपर्यंतचं घेऊन भागत नाही. दोन्ही चॅनल आणि गुंडाळी वजा जाता गाडीला किती वाट उरते, ते विचारायचं.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेतलात तरी वेल्डिंगच्या जागी तो मुलामा जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्या टाक्यांवर झिंकचा प्रायमर स्वतः उभं राहून लावून घ्या. चॅनलमध्ये घट्ट ग्रीस भरू नका. मे-जूनची धूळ त्यात बसून त्याची लापशी होते. कोरडं फडकं आणि पातळ तेल पुरे.

आणि पूर्ण बदलायचंच ठरलं, तर "पुराना हम उठा ले जाएँगे" या सौजन्याला भुलू नका. 8 बाय 8 फुटांच्या 20 गेज शटरचा नुसता सपाट पत्राच 40 किलोंच्या वर भरतो. पट्ट्यांची वळणं, पाइप, स्प्रिंगा वेगळ्या. गंजाची घट सोडली तरी भंगारवाल्याच्या काट्यावर बरंच उरतं. आधी वजन करा, मग तेवढी रक्कम मजुरीतून वळती करायला सांगा.