एक पोथी, चार लेखक

एका शाळेतील चार विद्यार्थी आपल्या ग्रंथालयासाठी संगणकाची आज्ञावली लिहीत होते. कोणते पुस्तक कोणाकडे गेले आणि ते केव्हा परत यावयाचे, हे तिने सांगावे, अशी योजना होती. एकाने पुस्तकांची यादी रचली. एका मुलीने तारखांचे गणित मांडले. एके सायंकाळी तिसऱ्याने आपल्याजवळची जुनी प्रत थोडी सुधारून सर्वांच्या सामाईक संगणकावर ठेवली, आणि त्याच नावाखाली असलेले त्या मुलीचे आठ दिवसांचे लेखन क्षणात पुसले गेले. त्याच्या मनात कपट नव्हते. नवी प्रत कोणती, हे कळण्यास त्याला मार्गच नव्हता.

मुलांनो, ही अडचण संगणकाबरोबर जन्मास आली, असे मात्र नव्हे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातांनी उतरून घेतल्या जात, तेव्हा उतरणाऱ्यांच्या हातून पाठ बदलत गेले. अखेर शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, संत एकनाथांना ते भेद शोधून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली.

कोणता बदल कोणी व केव्हा केला, याची नोंद राखणारे जे साधन आज जगभर वापरले जाते, त्याचे नाव गिट. लिनक्स या प्रणालीवर अनेक देशांतील माणसे एकत्र काम करीत असत. त्यांचे पूर्वीचे साधन विनामूल्य मिळेनासे झाले, तेव्हा लायनस टोरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहावयास घेतले.

त्या चौघांनी शाळेतील एका संगणकावर गिटचे सामाईक भांडार उघडले. मग प्रत्येकाने त्याची प्रत आपल्या संगणकावर घेतली. तिला 'क्लोन' म्हणतात. या प्रतीत आजचे लेखन तर असतेच, पण पहिल्या दिवसापासूनचा सारा इतिहासही असतो. त्यामुळे भांडाराचा संगणक बिघडला, तरी कोणाही एकाच्या प्रतीवरून ते पुन्हा उभे करता येते. थोडे काम झाले, की त्याची नोंद करावयाची, ती 'कमिट'. तीबरोबर काय बदलले व का, हे एका ओळीत लिहावयाचे. (नुसते 'बदल केला' असे लिहिणे म्हणजे पाकिटावर पत्त्याऐवजी 'पत्र' असे लिहिण्यासारखे होय.) नंतर इतरांचे काम 'पुल' करून आपल्याकडे आणावयाचे, आणि मगच आपले 'पुश' करून भांडारात ठेवावयाचे. दुसऱ्याने आधी ठेवलेले काम आपण आणलेले नसेल, तर गिट आपले काम स्वीकारीत नाही. त्या सायंकाळची चूक येथेच अडली असती.

हरवलेले गणित त्या मुलीने पुन्हा लिहून काढले. भांडारातील पहिली नोंद तिचीच आहे.

पुढे एकदा दोघांनी एकच ओळ बदलली. उशिरा आलेल्या पुस्तकास दररोज १ रुपया दंड, असे एकाने लिहिले. दुसऱ्याने ५० पैसे लिहिले. निरनिराळ्या ठिकाणचे बदल गिट स्वतःच एकत्र करते. परंतु येथे त्याने दोन्ही ओळी खुणा घालून एकीखाली एक मांडल्या आणि ते थांबले. खरे कोणते, हे त्यास ठाऊक नसते. दोघे बराच वेळ वाद घालीत बसले. शेवटी ते ग्रंथपालांकडे गेले. "पहिले तीन दिवस आपण दंड घेतच नाही," ते म्हणाले.

ती ओळ मग तिसऱ्याच रीतीने लिहिली गेली. तिच्या नोंदीत शब्द आहेत : 'ग्रंथपालांना विचारून दंडाचा नियम सुधारला.'