आईला कॅन्सर झाला, मग मलाही होईल का?

घरातल्या एखाद्या स्त्रीला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला, की तिच्या लेकीबहिणी डॉक्टरला हळूच विचारतात, "मलाही होईल का हो?" हिंदमाताहून पायी जाता येईल इतक्या अंतरावर परळचे टाटा रुग्णालय आहे. १९४१ सालापासून तेथे गावोगावचे रुग्ण येतात. त्यांच्याबरोबर आलेल्या बायकांकडून हा प्रश्न आमच्या भागातील डॉक्टरांना नेहमी ऐकू येतो.

बहुतेकींना याचे उत्तर 'घाबरू नका' असेच आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणींतच तो आनुवंशिक असतो. मात्र त्या मोजक्या घराण्यांनी वेळीच सावध व्हायला हवे.

आपल्या पेशींत बीआरसीए-१ व बीआरसीए-२ नावाची दोन जनुके असतात. त्यांचा शोध अनुक्रमे १९९४ व १९९५ साली लागला. पेशीतील आनुवंशिक द्रव्याची मोडतोड दुरुस्त करणे हे त्यांचे काम. जन्मतःच त्यांत दोष असेल तर दुरुस्ती नीट होत नाही. असा दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो. बीजांडकोशाचा कॅन्सर बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४४, तर बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७ जणींना होतो. म्हणजे दोष असला तरी प्रत्येकीला कॅन्सर होतोच असे नाही.

हा दोष वडिलांकडूनही येतो. म्हणून मावशीइतकीच आत्याचीही चौकशी करावी. दोष असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून तो प्रत्येक मुलाला वा मुलीला मिळण्याची शक्यता निम्मी असते.

चाचणी कोणी करावी?

पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, कोणत्याही वयात बीजांडकोशाचा कॅन्सर, दोन्ही स्तनांत कॅन्सर, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना हे आजार असल्यास तज्ज्ञांना विचारावे. रक्ताची चाचणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करावी. तिच्यात दोष सापडला, तर नेमका तोच दोष इतरांत शोधता येतो. चाचणीपूर्वी समुपदेशन आवश्यक आहे. टाटा रुग्णालयात तशी सोय आहे.

दोष आढळला तर?

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. स्तन आणि बीजांडकोश यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

स्तनाच्या बाबतीत दोन मार्ग आहेत. पहिला, कडक देखरेखीचा. पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय व तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी. याने कॅन्सर टळत नाही, पण लवकर सापडतो. दुसरा मार्ग, दोन्ही स्तन आधीच काढण्याचा. याने धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी होतो. अभिनेत्री अँजेलिना जोलीने २०१३ साली आपण ही शस्त्रक्रिया केल्याचे जाहीर केले. म्हणून ती प्रत्येकीने केलीच पाहिजे असे नाही. काहींना टॅमॉक्सिफेनच्या गोळ्याही देतात.

बीजांडकोशाचे तसे नाही. सोनोग्राफी व रक्तचाचणीने हा कॅन्सर खात्रीने लवकर सापडत नाही. म्हणून मुले झाल्यावर दोन्ही बीजांडकोश व बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात. बीआरसीए-१ असल्यास ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ असल्यास ४० ते ४५ या वयात. त्याने बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ८० टक्के कमी होतो. मात्र पाळी कायमची थांबते, अंगातून वाफा येतात, हाडे ठिसूळ होऊ शकतात. त्यावर उपचार आहेत, पण ही माहिती आधी मिळालीच पाहिजे.

'पिशवी काढा' म्हटले तर

आपल्याकडे कॅन्सरची भीती घालून गर्भाशयाची पिशवी काढली जाते. बीडमधील ऊसतोड महिलांवरील अशा शस्त्रक्रियांची २०१९ साली सरकारला चौकशी करावी लागली. घराण्यात दोष नसेल, दुसरा आजारही नसेल, तर केवळ कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढू नये. आणि दोष असेल, तर नुसती पिशवी काढून बीजांडकोश ठेवल्यास मुख्य धोका तसाच राहतो. कोणता अवयव काढणार आणि का, हे सही करण्यापूर्वी विचारावे.

लेकीचे लग्न मोडेल म्हणून पुष्कळ घरांत आजाराचे नाव लपवतात. त्याने लेकीचेच नुकसान होते. आज संध्याकाळी वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहा : कोणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी कॅन्सर झाला. आईची बाजू आणि वडिलांची बाजू वेगळी लिहा. तो कागद आपल्या डॉक्टरांना दाखवा. या कामाला एक पैसाही लागत नाही.