प्राचीन शहर कसें पाहावें?

सहलीहून परत आलेल्या विद्यार्थ्यास "काय काय पाहिलेंस?" असें विचारलें असतां बहुधा नांवांची एक लांबलचक यादी ऐकावयास मिळते. यादी खोटी नसते. परंतु तिच्यांत पाहणें थोडें व मोजणें फार असतें. ऐतिहासिक शहर खरोखर पाहावयाचें असेल तर तेथील प्रत्येक इमारतीसंबंधीं दोन प्रश्न मनांत धरावे. ही कोणीं व कशासाठीं बांधली? आणि बांधणारे गेल्यावर ती कशामुळें टिकली, अथवा कां मोडली? पहिल्याचें उत्तर वाटाड्या सांगतो. दुसरा प्रश्न मात्र आपणच विचारावा लागतो. इटलीची राजधानी रोम हें उदाहरण घेऊन आम्ही हा धडा येथें मांडीत आहों.

प्रथम पॅन्थिऑन नांवाचें प्राचीन देवालय पाहूं. दर्शनी भागावर अग्रिप्पाचें नांव कोरलेलें आहे. परंतु त्यानें बांधलेली इमारत नाहींशी झाली, व सध्यांची इमारत हेड्रिअन बादशहाच्या कारकीर्दींत इ. स. १२५ च्या सुमारास पुरी झाली. घुमटाचा आंतील व्यास ४३.३ मीटर, म्हणजे सुमारें १४२ फूट असून जमिनीपासून माथ्याची उंचीही तितकीच आहे. हा घुमट काँक्रीटचा आहे, आणि त्यांत लोखंडी गज नाहींत. खालीं जड दगडांची व वर ज्वालामुखींतून निघालेल्या हलक्या, सच्छिद्र दगडांची खडी घातली असून जाडीही वर वर कमी करीत नेली आहे. माथ्यावर एक मोठें वाटोळें भोंक आहे. त्यांतून प्रकाश येतो, तसा पाऊसही येतो. म्हणून पाणी वाहून जाण्यासाठीं फरशीस छिद्रें ठेविलेलीं आहेत. परंतु केवळ बळकटीमुळें ही इमारत वांचली असें नव्हे. इ. स. ६०९ मध्यें चौथ्या बोनिफेस पोपनें तिचें ख्रिस्तमंदिर केलें, आणि तेव्हांपासून तिची निगा राखणारें कोणीतरी राहिलें.

आतां कलोसियमकडे वळूं. व्हेस्पेझिअन बादशहानें आरंभिलेलें हें क्रीडागार त्याचा पुत्र टायटस यानें इ. स. ८० मध्यें खुलें केलें. सुमारें पन्नास हजार प्रेक्षक येथें बसत. लोकांच्या करमणुकीसाठीं येथें माणसें माणसांशीं व पशूंशीं झुंजत आणि मरत, हें त्याची भव्यता पाहतांना विसरतां कामा नये. पुढें झुंजी बंद पडल्या व ही प्रचंड वास्तु तिच्या मूळ कामाची राहिली नाहीं. इ. स. १३४९ च्या भूकंपांत दक्षिणेची बाजू ढांसळली. ते दगड लोकांनीं वाडे व मंदिरें बांधण्यास नेले. भिंतींत आज जीं असंख्य भोंकें दिसतात तीं दगड जोडणारें लोखंड उकरून काढल्याचीं आहेत. शेवटीं इ. स. १७४९ मध्यें चौदाव्या बेनेडिक्ट पोपनें ख्रिस्ती हुतात्म्यांच्या स्मरणार्थ ती जागा पवित्र ठरविली, तेव्हां कोठें ही लूट थांबली.

मार्कस ऑरेलिअस बादशहाच्या अश्वारूढ पुतळ्याची कथा याहून निराळी आहे. मध्ययुगांत अशा कांशाच्या मूर्ति सर्रास वितळविल्या जात. हा पुतळा मात्र ख्रिस्ती धर्मास आश्रय देणाऱ्या कॉन्स्टंटाइन बादशहाचा आहे, अशी लोकांची समजूत होती. म्हणून तो वांचला! मूळ पुतळा आतां कॅपिटोलिन टेकडीवरील संग्रहालयांत असून बाहेरच्या चौकांत त्याची प्रतिकृति उभी आहे.

सेंट क्लेमेंटच्या मंदिरांत तर तीन काळ एकावर एक रचलेले सांपडतात. रस्त्यावरून आंत शिरतांच बाराव्या शतकांतील मंदिर लागतें. त्याखालीं चौथ्या शतकांतील दुसरें मंदिर आहे, आणि त्याच्याही खालीं पहिल्या शतकांतील इमारती व मिथ्र देवाच्या उपासनेची जागा आहे. इ. स. १८५७ मध्यें तेथील मठाधिपति फादर मुलूली यांनीं खोदकाम सुरू केल्यावर हीं खालचीं दालनें उजेडांत आलीं. तळाशीं उतरल्यावर भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज ऐकूं येतो.

या चार उदाहरणांवरून काय दिसतें? दगड व कांसें स्वतःच्या बळावर टिकत नाहींत. लोकांनीं त्यांची किंमत ओळखावी लागते. आणि ज्ञानावांचून किंमत ओळखतां येत नाहीं. इ. स. २०२३ च्या जून महिन्यांत एका प्रवाशानें कलोसियमच्या भिंतीवर किल्लीनें आपलें व आपल्या सोबतिणीचें नांव कोरलें. पुढें त्यानें क्षमेचें पत्र लिहिलें. त्यांत ती वास्तु किती प्राचीन आहे हें आपणांस मागाहून समजलें, असें म्हटलें होतें. ज्यास जग पाहावयास येतें तें स्थळ त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. परंतु तें काय आहे हें त्यास ठाऊक नव्हतें.

आपल्याकडील किल्ल्यांवर व लेण्यांतही अशीं नांवें कोरलेलीं दिसतात. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, सहलीच्या आदल्या दिवशीं मुलांच्या शिदोरीची तयारी करितांना त्या स्थळाची चार वाक्यांत माहितीही त्यांस द्यावी. आणि विद्यार्थ्यांनो, दहा स्थळें धांवत पाहण्यापेक्षां एकाच स्थळीं तासभर थांबा, वर सांगितलेले दोन प्रश्न विचारा, आणि उत्तरें आपल्या वहींत लिहून आणा.