कुकडीचे रांजणखळगे आणि वाळूचे मोल

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पैलतीरावरील, पारनेर तालुक्यातील निघोज या गावांच्या दरम्यान कुकडी नदीच्या पात्रात असंख्य रांजणखळगे आहेत. मळगंगा देवीच्या दर्शनास येणारे भाविक या स्थळास ‘कुंड’ म्हणून ओळखतात. भूगोलाच्या अभ्यासकास मात्र येथे वाहत्या वाळूचे कार्य प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

येथील काळा बसाल्ट खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. केवळ पाण्याने तो सहजासहजी झिजत नाही. पुराच्या भोवऱ्यात सापडलेली वाळू व गोटे खडकाच्या भेगांत आणि सखल जागी गरगर फिरतात, जात्याप्रमाणे त्याला घासतात आणि स्वतःही झिजतात. सहस्रावधी वर्षांच्या या घर्षणातून लहान खळग्यांचे रांजण झाले, शेजारचे रांजण एकमेकांत मिसळले आणि खोल घळई तयार झाली. खळग्यातील गोटा हे नदीचे हत्यार आहे. सहलीची आठवण म्हणून तो उचलून नेणे योग्य नव्हे.

कुकडी पुढे घोड नदीस व घोड भीमेस मिळते. दौंड तालुक्याच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या भीमेच्या पात्रात वाळूचे दुसरे कार्य दिसते. वाळूच्या कणांमधील पोकळीत पाणी साठते, गाळले जाते आणि काठच्या विहिरींना पाझर मिळतो. वाळूचा बेसुमार उपसा झाल्यास पात्र खोल जाते, विहिरींची पातळी खालावते व काठ ढासळतात. शिवाय वरच्या धरणांत गाळ व वाळू अडत असल्याने उपसलेल्या वाळूची भरपाई सावकाश होते. म्हणूनच 5 हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील उत्खननासही पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी स्पष्ट केले.

कायद्यास गावाच्या जागरूकतेची जोड हवी. ग्रामपंचायतीने उन्हाळ्यात काठच्या विहिरींच्या पातळीची नोंद ठेवावी व ती ग्रामसभेपुढे मांडावी. अवैध उपशाची माहिती तलाठ्यास वेळीच मिळाल्यास महसूल यंत्रणेस कारवाई करणे सुलभ होते. शिक्षकांनी पावसाळ्यानंतर पाणी ओसरल्यावर विद्यार्थ्यांना कुंड दाखवावे. खडक निसरडे व डोह खोल असल्याने त्यांना कडेपासून दूर ठेवावे. कुकडीचा खडक ज्या वाळूने कोरला, तीच भीमाकाठी पाणी धरून ठेवते, हे मुलांना उमगले तर वाळूच्या रक्षणाची जाणीव घरोघरी पोहोचेल.