विद्यार्थी भीमराव आणि प्राध्यापक सेलिग्मन



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची यादी आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. परंतु त्या मिळविताना ते रोज कसे राहत होते, काय खात होते आणि अभ्यासात अडल्यावर कोणाकडे जात होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. या लेखात तोच भाग पाहावयाचा आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बावीस वर्षांचे भीमराव जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये काही दिवस काढून पुढे ते लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहिले. तेथे नवल भथेना हे पारशी मित्र त्यांना मिळाले, ते कायमचे. शिष्यवृत्तीतून घरी रमाबाईंकडेही पैसे पाठवावे लागत. म्हणून कॉफी, दोन मफिन आणि मांसाचा किंवा मासळीचा एखादा पदार्थ एवढ्यावर जेवण भागत असे. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुनी पुस्तके जमविली. चरित्रकार धनंजय कीर त्यांची संख्या सुमारे दोन हजार सांगतात.

अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक. सार्वजनिक वित्तव्यवहार या विषयात त्यांचे नाव जगभर होते. संशोधनाची पद्धत कोणती वापरू, असे भीमरावांनी त्यांना विचारले. मन लावून काम करीत राहा, पद्धत तुमची तुम्हालाच सापडेल, अशा आशयाचे उत्तर गुरूंनी दिले, असे चरित्रात नमूद आहे. आयते उत्तर त्यांनी दिले नाही, पण शिष्यावर विश्वास टाकला. १९१५ मध्ये भीमराव एम.ए. झाले व १९१६ मध्ये लंडनला गेले.

खरी कसोटी पुढेच होती. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपून मायदेशी परतताना, महायुद्धात त्यांचे सामान नेणारी बोट बुडविली गेली. त्यात पुस्तके गेली आणि प्रबंधाचे हस्तलिखितही गेले. दुसरा एखादा खचून गेला असता. फेब्रुवारी १९२२ मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून सेलिग्मन यांना पत्र लिहून जुना प्रबंध बुडाल्याचे आणि नवा लिहून काढल्याचे कळविले. तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा प्रस्तावना सेलिग्मन यांचीच होती. १९२७ मध्ये पीएच.डी. पदवी मिळाली. न्यूयॉर्क सोडल्याला तेव्हा अकरा वर्षे झाली होती, तरी गुरू-शिष्याचा धागा तुटला नव्हता. १९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत बाबासाहेबांनी लिहिले की, आयुष्यातले उत्तम मित्र त्यांना तेथील सहाध्यायी व प्राध्यापकांत लाभले. त्यांत ड्यूई, शॉटवेल, रॉबिन्सन यांच्याबरोबर सेलिग्मन यांचे नाव आहे. गुरूला त्यांनी मित्र म्हटले, हे ध्यानात घ्यावे.

येथे स्वतःविषयी थोडे सांगतो. बी.ए. झाल्यावर मी एम.ए.साठी नाव घातले होते. एका विषयात अडलो. सरांच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा माघारी फिरलो. आपल्या घरात कोणी शिकलेले नाही, आपला प्रश्न बावळट ठरेल, ही भीती. पुढे बँकेत नोकरी लागली आणि एम.ए. राहिले ते राहिलेच. सरांनी मला कधी हाकलले नव्हते. मीच दार वाजविले नाही. आज माझा पुतण्या आपल्याच शहरात संशोधन करतो. तोही महिना महिना गाईडला भेटत नाही, तेव्हा माझ्या पोटात कालवाकालव होते.

बाबासाहेबांनी आपल्या शहरात १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा राजा असूनही भन्ते नागसेनांना प्रश्न विचारताना संकोचला नाही आणि उत्तर पटल्यावर ते मान्य करायलाही लाजला नाही. त्याच्या नावाच्या आवारात शिकलेल्यांनी व शिकणाऱ्यांनी प्रश्न गिळून बसावे, हे शोभत नाही.

तेव्हा मित्रांनो, अडलात तर सरांचे दार वाजवा. आज ते कामात असतील तर उद्या जा. काम थांबले असेल, वही हरवली असेल, तरी तसे स्पष्ट सांगा. आणि आपल्यापैकी जे आज प्राध्यापक आहेत त्यांना विनंती, की दाराशी घुटमळणारा मुलगा दिसला तर त्याला आत बोलवा.