आधी सोडायचा विषय ठरव

अगं, तो फॉर्म बाजूला ठेव आणि आधी काहीतरी खाऊन घे. रिकाम्या पोटी मेजर ठरवू नये असा माझा नियम आहे. मी कॉलेज निवडलं ते कॅन्टीनच्या मिसळीवरून, तेव्हा हा नियम करायचा अधिकार माझ्याइतका कुणालाच नाही!

तर, एफवाय संपलं. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही करून झालं. आता एसवायला त्यातला एक मेजर, एक मायनर आणि तिसऱ्याला रामराम. तू विचारतेस, "ताई, मेजर कुठला घेऊ?" खरं सांगू का, मेजरची चिंता सगळेच करतात, पण सोडायच्या विषयाकडे ढुंकून बघत नाहीत. आणि तोच पुढे एमएस्सीच्या प्रवेशाच्या वेळी दारात उभा राहतो.

तू ठरवलंयस, फिजिक्स मेजर, केमिस्ट्री मायनर, मॅथ्समधून सुटका. बघ, ही सुटका फार दिवस टिकायची नाही. टीवायला क्लासिकल मेकॅनिक्स येतं, इलेक्ट्रोडायनॅमिक्स येतं, क्वांटम मेकॅनिक्स येतं. ह्या सगळ्यांत डिफरन्शियल इक्वेशन्स आणि व्हेक्टर कॅल्क्युलस ठाण मांडून बसलेले असतात. म्हणजे तू मॅथ्स सोडलंस तरी मॅथ्स तुला सोडणार नाही. फक्त ते शिकवायला मॅथ्सचे सर नसतील, एवढाच फरक. शिवाय फिजिक्सच्या एमएस्सीला बऱ्याच ठिकाणी पदवीला काही सत्रं तरी गणित असावं अशी अट असते. जॅम देऊन आयआयटीत जायचं स्वप्न असेल, तर त्या-त्या संस्थेचं पात्रतेचं पान आजच उघड. परीक्षेत मार्क मिळूनही ह्या एका ओळीवर अडकायला होतं, आणि तेव्हा कुणी ऐकून घेत नाही.

आता म्हणशील, मग केमिस्ट्रीच मेजर घेते, मावशी म्हणते त्याला कंपन्या असतात. मावशी चुकीचं नाही बोलत. एमआयडीसीतल्या औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बीएस्सी केमिस्ट्रीची मुलं लागतात, हे खरंय. पण तिथे शिफ्ट असते, दिवसभर उभं राहून नमुने तपासायचे असतात आणि आकडे नोंदवायचे असतात. ते तुला आवडेल का, हे मावशीला कसं कळणार? त्यापेक्षा तू दोन्ही प्रॅक्टिकल आठव. ब्युरेटच्या तोटीवर बोट ठेवून थेंब-थेंब सोडताना फ्लास्कमध्ये फिका गुलाबी रंग आला की तुला आत काहीतरी वाटायचं, की घड्याळाकडे नजर जायची? आणि अंधाऱ्या खोलीत सोडियम लॅम्पसमोर स्पेक्ट्रोमीटर लावताना, व्हर्नियरचं रीडिंग परत-परत घेताना? हे बारीक वाटतं गं, पण थिअरीच्या एका क्रेडिटला पंधरा तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला तीस तास असतात. म्हणजे वर्गात आवडलेला विषय लॅबमध्ये दुप्पट वेळ सोसावा लागतो. जो सोसवेल तो घे.

साडी घेताना दुकानाच्या दिव्याखाली न बघता दाराशी उजेडात नेऊन बघतेस ना, तसंच कर. एफवायचं पुस्तक हा दुकानातला दिवा झाला. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून टीवायचा अभ्यासक्रम काढ, गेल्या वर्षाचा एखादा पेपर काढ आणि तासभर नुसता वाच. काही कळणार नाही, घाबरू नकोस. कळलं नाही तरी उत्सुकता वाटते की जांभई येते, एवढंच बघायचंय. मी हे कधी केलं नव्हतं, मला शिक्षकांच्या अक्षरावरून विषय आवडायचे, पण तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस.

आणि कॉलेजात तुझे एक मेंटर सर किंवा मॅडम असतीलच. यादीत नाव असतं, रजिस्टरवर सह्या असतात, नॅकच्या भेटीआधी ते रजिस्टर फार व्यवस्थित भरलं जातं. त्यांच्याकडे जा. "सर, काय घेऊ?" असं विचारू नकोस हं, त्याचं उत्तर "तुझी आवड काय?" असंच येतं आणि तू परत घरी. नेमकं विचार. ह्या मेजरला जागा किती? जास्त मुलं आली तर यादी कशावर लागते, मार्कांवर का? एक केटी असेल तर चालते का? मायनरचे तास मेजरच्या प्रॅक्टिकलशी भिडतात का? शेवटचा प्रश्न क्लार्ककाकांना विचारलास तर जास्त खरं उत्तर मिळेल. वेळापत्रकाचं सगळं ज्ञान त्यांच्या खिडकीपाशी असतं. तेवढी एक डबी लाडू नेलेस तर बिघडत नाही.

तुझी ती मैत्रीण, जिने प्रवेशालाच मेजर ठरवून टाकला आणि आता रडतेय, तिलाही सांग की सगळं संपलेलं नाही. यूजीसीच्या 2022च्या आराखड्यात पहिल्या वर्षाच्या शेवटी मेजर बदलायची सोय आहे. रिकाम्या जागा असतील तर त्या, शिवाय ह्यासाठी दहा टक्क्यांपर्यंत जास्तीच्या जागा कॉलेजला करता येतात. पण प्राधान्य कुणाला? ज्याचा सीजीपीए जास्त आणि एकही विषय राहिलेला नाही त्याला. म्हणून तिला रडणं आवरायला सांग आणि सेमिस्टर दोनचा अभ्यास करायला बसव. रडून बदल मिळत नाही, मार्कांनी मिळतो. कॉलेजचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो लेखी विचारून घ्यायचा, तोंडी नाही.

ज्या तिसऱ्या विषयाला तू सोडतेस त्याचे क्रेडिट वाया गेले असं मात्र मनात आणू नकोस. ते तुझ्या पदवीच्या बेरजेत राहतात, अकॅडमिक बँकेत जमा होतात. अगदीच घरचं काही अडलं आणि वर्षभरात बाहेर पडावं लागलं, तरी ठरलेले क्रेडिट आणि एक छोटा कौशल्याचा अभ्यासक्रम पूर्ण करून सर्टिफिकेट मिळतं, तीन वर्षांत परत येता येतं आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करायची असते. हे सर्टिफिकेट घेऊन नोकरी शोधायला मात्र निघू नकोस, त्याचा उपयोग परत यायलाच जास्त.

बाबांचं टेन्शन घेतलंयस हे दिसतंय मला. त्यांना "मला आवडतं" हे वाक्य पटत नाही, त्यांना कागद लागतो. मग दे ना कागद! एका पानावर तिन्ही पर्याय लिही, पुढे कुठलं एमएस्सी उघडं राहतं आणि कुठलं बंद होतं ते लिही. यूपीएससी म्हणत असतील तर सांग की तिथे कुठलीही पदवी चालते आणि वैकल्पिक विषय पदवीचाच असावा असं नाही, म्हणजे ह्या भांडणात तो मुद्दाच नको. जेवण झाल्यावर दाखव, टीव्हीवरच्या बातम्यांच्या आधी. बातम्यांनंतर ते कुणाचंच ऐकत नाहीत.

आणि हो, महाडीबीटीची शिष्यवृत्ती घेतेस ना? मग फॉर्मवर सही करायच्या आधी तिथे ह्या बदलाचा काय परिणाम होतो, ते शिष्यवृत्तीच्या टेबलावर विचार. शेवटच्या दिवशी जाऊ नकोस, तेव्हा सर्व्हर झोपतो आणि रांग जिन्यापर्यंत येते. सोमवारी सकाळीच गाठ त्यांना. फॉर्मची झेरॉक्स आणि पोचपावती एका पिशवीत ठेव. मला आत्ता विचारशील तर माझं मत फिजिक्स मेजर आणि मॅथ्स मायनर. पण ते पात्रतेचं पान वाचल्यावर तुझं मत बदललं तर मला फोन कर, मी भांडायला तयार आहे.